ट्रॅक्टरमधील काजळीचा फिल्टर: रिजनरेशन कधी होऊ द्यावे, कुठे टाळावे?

खालापूर आणि कर्जत भागात भाताची खाचरे लहान आणि बांध जवळजवळ आहेत. त्यामुळे ट्रॅक्टर सलग चालत नाही. दहा-पंधरा मिनिटे चिखलणी, मग वळणे, मग पुढच्या खाचरात जाणे, मध्येच रोपे येईपर्यंत थांबणे असे काम चालते. जुन्या इंजिनाला याचा फारसा त्रास होत नसे. ज्या नव्या डिझेल इंजिनांना धुराच्या नळीत काजळीचा फिल्टर बसवलेला आहे, त्यांना मात्र अशा तुकड्या-तुकड्यांच्या कामाचा त्रास होतो. फिल्टर तुंबला तर खर्च मोठा येतो आणि स्वच्छतेची क्रिया चुकीच्या जागी झाली तर पेंढ्याला आग लागू शकते.

आपल्या ट्रॅक्टरला हा फिल्टर आहे का?

५० एचपीपेक्षा जास्त क्षमतेच्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ हे प्रदूषण मानक लागू झाले. त्यातील काही मॉडेलांमध्ये डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर, म्हणजेच डीपीएफ असतो. कोकणातील खाचरांत वापरला जाणारा १५ ते ३० एचपीचा मिनी ट्रॅक्टर या टप्प्यात येत नाही, त्यामुळे त्यात सहसा हा फिल्टर नसतो. पण पुढचा ट्रेम-५ टप्पाही ठरलेला आहे. तो आधी एप्रिल २०२४ पासून लागू होणार होता, नंतर पुढे ढकलला गेला. अमेरिकेत २५ ते ७५ एचपीच्या इंजिनांना २०१३ पासून कडक मानक लागू झाल्यावर लहान ट्रॅक्टरमध्येही हे फिल्टर आले. २५ एचपीच्या आतील ट्रॅक्टरना मागणी राहण्याचे ते एक कारण ठरले.

मिनी ट्रॅक्टर असला तरी दारात भाजी किंवा भात नेणारी डिझेल पिकअप असेल, तर हा विषय आजच उपयोगी आहे. एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बीएस-६ डिझेल पिकअपमध्ये साधारणपणे डीपीएफ असतो.

ट्रॅक्टरला फिल्टर आहे की नाही हे पाहण्यासाठी मालक-पुस्तिका वाचावी. डॅशबोर्डवर डीपीएफ किंवा रिजनरेशनचे चिन्ह अथवा बटण आहे का तेही पाहावे.

रिजनरेशन म्हणजे काय?

फिल्टर सिरॅमिकचा असतो आणि आतून मधाच्या पोळ्यासारखा दिसतो. त्याच्या नळ्यांची तोंडे आळीपाळीने बंद केलेली असतात. त्यामुळे धुराला नळीच्या सच्छिद्र भिंतीतून जावे लागते. वायू पलीकडे निघून जातो आणि काजळी भिंतीवर अडकते. साचलेली काजळी जाळून फिल्टर मोकळा करण्याच्या क्रियेला रिजनरेशन म्हणतात. ते तीन प्रकारे होते.

१. आपोआप: इंजिनावर पुरेसा भार असेल आणि धूर साधारण २५० ते ४०० अंश सेल्सिअस तापलेला असेल, तर काजळी हळूहळू जळत राहते. चालकाला काही करावे लागत नाही.

२. चालू कामात: काजळी ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की इंजिन स्वतः जादा डिझेल सोडून फिल्टरचे तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत नेते. अशा वेळी फेरे थोडे वाढतात, उष्ण वास येतो आणि दिवा लागतो.

३. उभे करून: वरील दोन्ही क्रिया पूर्ण झाल्या नाहीत, तर ट्रॅक्टर थांबवून बटणाने रिजनरेशन करावे लागते. याला साधारण अर्धा तास, कधी त्याहून जास्त वेळ लागतो.

तेही टाळत गेल्यास इंजिन ताकद कमी करते. मग कंपनीच्या मेकॅनिकने संगणक जोडूनच क्रिया करावी लागते. काजळी फारच साचली असेल तर फिल्टर बदलण्याची वेळ येते.

लहान खाचरात काय करावे?

• रोपांची किंवा मजुरांची वाट पाहताना इंजिन रिकामे चालू ठेवू नये. रिकाम्या फेऱ्यांवर धूर थंड राहतो आणि काजळी लवकर साचते.
• जवळजवळची खाचरे एकत्र उरकावीत. रोटाव्हेटरचे काम पुस्तिकेत दिलेल्या पीटीओ फेऱ्यांवर सलग करावे.
• रिजनरेशनचा दिवा लागला असता काम थोडेच उरले असेल, तरी इंजिन लगेच बंद करू नये. क्रिया पूर्ण होऊ द्यावी. वारंवार अर्धवट सोडल्यास जादा डिझेलचा काही भाग सिलिंडरमधून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतो.
• रोज सकाळी ऑइलची पट्टी पाहावी. पातळी कमी होणे जसे वाईट, तसे वरच्या खुणेपलीकडे वाढणेही वाईट. ऑइलला डिझेलचा वास येत असेल तर ते बदलावे, नाहीतर बेअरिंग खराब होतात.
• पिकअप रोज गावातल्या गावात फिरत असेल, तर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे अधूनमधून जुन्या मुंबई-पुणे रस्त्यासारख्या मोकळ्या रस्त्यावर काही वेळ एकसारख्या वेगाने चालवावी.

खळ्यावर विशेष काळजी

भाताची कापणी झाली की खळ्यावर मळणी सुरू होते आणि ट्रॅक्टरभोवती पेंढा, फोलपटे पसरतात. बांधावरचे गवतही याच दिवसांत वाळू लागते. रिजनरेशन चालू असताना फिल्टर आणि धुराची नळी नेहमीपेक्षा खूप जास्त तापते. म्हणून:

• मळणीला बसण्याआधी दिवा पाहावा. रिजनरेशन बाकी असेल तर ते आधी मोकळ्या जागी उरकावे.
• मळणी चालू असताना दिवा लागला आणि ट्रॅक्टरमध्ये क्रिया तात्पुरती रोखण्याचे बटण असेल, तर ते वापरावे. काम थांबवून ट्रॅक्टर बाहेर काढावा. रोखण्याचे बटण कायम दाबून ठेवू नये.
• उभ्याने रिजनरेशन करायची जागा उघडी मातीची किंवा खडीची असावी. उडवी, गोठा, वाळले गवत आणि छप्पर यांपासून दूर असावी. बंद शेडमध्ये ही क्रिया कधीही करू नये.
• क्रिया संपेपर्यंत ट्रॅक्टरजवळ थांबावे आणि मुलांना लांब ठेवावे. नंतरही नळी थंड होईपर्यंत पेंढ्याजवळ उभा करू नये.
• फिल्टरभोवती अडकलेली फोलपटे रोज, इंजिन थंड असताना काढावीत.

काजळी जळते, राख उरते

रिजनरेशनने काजळी जाते, पण इंजिन ऑइलमधील द्रव्यांची राख जळत नाही. ती वर्षानुवर्षे साचते आणि काही हजार तासांच्या कामानंतर फिल्टर काढून साफ करावा लागतो. हे काम सेवा केंद्रातच करून घ्यावे. घरी पाण्याचा फवारा मारल्यास फिल्टर खराब होऊ शकतो. राख कमी साचावी म्हणून पुस्तिकेत सांगितलेल्या कमी राखेच्या ग्रेडचेच ऑइल वापरावे. डिझेल पंपावरचेच घ्यावे. बीएस-६ डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत जास्तीत जास्त १० भाग असते. रॉकेल मिसळलेले डिझेल वापरू नये.

कटकट नको म्हणून फिल्टर कापून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर मानू नये. सेन्सरच्या तक्रारी सुरू होतात, हमी जाते आणि काजळी पुन्हा चालकाच्याच नाकातोंडात जाते. जुना ट्रॅक्टर किंवा पिकअप घेताना धुराच्या नळीच्या टोकाला आतून बोट फिरवून पाहावे. इंजिन थंड असल्याची खात्री मात्र आधी करावी. फिल्टर चांगला असेल तर नळी आतून जवळजवळ स्वच्छ असते. बोटाला दाट काळी काजळी लागली, तर फिल्टर फुटलेला किंवा काढलेला असण्याची शक्यता आहे. व्यवहार करण्याआधी तो तपासून घ्यावा.