कोणतं बोट बधिरतं?

रायपूरहून राजिमला सायकलने निघालं की अभनपूरपर्यंतचा रस्ता पायांचा असतो, त्यापुढचा हातांचा. जाऊन-येऊन नव्वद किलोमीटरच्या आसपास अंतर. पाय सरावाने तयार होतात, दमही टिकतो. पण अभनपूर मागे पडलं की करंगळीला मुंग्या येऊ लागतात, थोड्या वेळाने अनामिका बधिरते आणि ब्रेक दाबताना जोरच लागत नाही. आमच्या गटातल्या प्रत्येकाने कधी ना कधी रस्त्याकडेला थांबून हात झटकले आहेत. आणि जवळजवळ प्रत्येकाच्या मनात पहिला उपाय एकच येतो: जाड, मऊ ग्रिप घालायची.

हा उपाय बहुतेकदा कामाला येत नाही. का, ते हातातच शोधावं लागतं. तळहाताच्या तळाशी, करंगळीच्या बाजूला, दोन लहान हाडांच्या मधून एक अरुंद वाट जाते. फ्रेंच शल्यविशारद फेलिक्स ग्वियाँ यांनी 1861 मध्ये तिचं वर्णन केलं आणि ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. करंगळी आणि अर्ध्या अनामिकेची संवेदना सांभाळणारी अल्नर नस या वाटेने बोटांकडे जाते. तिथे तिला स्नायूंचं फारसं संरक्षण नाही. सरळ हँडलवर धडाचा भार नेमका त्याच जागी येतो. स्वस्त फोमची ग्रिप सुरुवातीला सुखावते. पण तासाभरात दबते आणि खालचा दांडा पुन्हा टोचू लागतो. शिवाय जाड ग्रिपभोवती लहान हाताची बोटं पुरती वळत नाहीत, म्हणून आपण ती जास्तच आवळून धरतो.

रायपुरातल्या पंडरीच्या कापडबाजारामागच्या गल्लीत ज्या मिस्त्रींकडे मी सायकल नेते, त्यांचा पहिला प्रश्न म्हणूनच मला फार मोलाचा वाटतो. “दीदी, कौन सी उंगली?” करंगळी म्हटलं तर ते तळहाताचा कडेचा भाग कुठे टेकतो ते बघतात. अंगठा, तर्जनी किंवा मधलं बोट म्हटलं तर त्यांची नजर मनगटावर जाते, कारण ती बोटं मीडियन नावाच्या दुसऱ्या नसेची आणि मनगट मागे मुडपलेलं राहिलं की ती नस दबते. नसांची नावं मिस्त्री घेत नाहीत. पण बोटावरून हँडलची जागा शोधण्याची त्यांची रीत अगदी बरोबर आहे.

मग ते दोन जुने स्पोक देतात, एकेका मुठीत एकेक. डोळे मिटायचे, खांदे सैल सोडायचे आणि हँडल धरल्यासारखे हात पुढे करायचे. डोळे उघडले की दिसतं, दोन्ही स्पोक एका रेषेत नसतात. बाहेरची टोकं मागे, आपल्या अंगाकडे झुकलेली असतात आणि किंचित खालीही. आपल्या हाताचा नैसर्गिक कोन तो. बाजारातल्या बहुतेक सरळ हँडलांना मागे वळण असतं जेमतेम 5 ते 9 अंशांचं. उरलेला फरक मनगटाला वाकून भरून काढावा लागतो. अर्ध्या तासाच्या फेरीत ते जाणवत नाही. चार तासांत जाणवल्याशिवाय राहत नाही.

याच बाजारात कापडाचे गठ्ठे वाहणाऱ्या काळ्या सायकली बघाव्यात. त्यांचं हँडल पार मागे वळलेलं, मुठी जवळपास सायकलच्या दांड्याला समांतर. चालवणाऱ्याचा पंजा आतल्या बाजूला वळलेला, मनगट सरळ, बोटं सैल. हीरो आणि ॲटलसच्या या सायकलींनी इंग्लंडच्या जुन्या रोडस्टरचा घाट उचलला आणि हातांच्या बाबतीत तो घाट आजही मला सर्वांत शहाणा वाटतो. अडचण एकच. त्यावर माणूस ताठ बसतो, छातीवर वारा घेतो, आणि बराचसा भार हातांवरून निघून सीटवर जातो. राजिमच्या मोकळ्या रस्त्यावर समोरून वारा सुटला की हे जड जातं.

म्हणून लांब पल्ल्याला मधला मार्ग काढावा असं माझं मत आहे: 25 ते 45 अंश मागे वळलेलं हँडल. त्याची मुठीकडची जाडी सरळ हँडलइतकीच, म्हणजे 22.2 मिलीमीटर, असते. त्यामुळे जुने ब्रेक आणि गिअरचे लिव्हर तसेच बसतात. हात मात्र मागे येतात, तेव्हा स्टेम थोडा लांब लागू शकतो. रोड बाईकच्या ड्रॉप हँडलला लिव्हर बसतात ती जागा 23.8 मिलीमीटरची, साध्या हायब्रिडवर ते चढवायचं तर लिव्हर नवे, बऱ्याचदा गिअरची यंत्रणाही नवी. एवढा खर्च करण्याआधी विचार करावा.

तरीही ड्रॉप हँडलचा एक गुण मानायलाच हवा. ते हाताला जागा बदलू देतं: वरचा आडवा दांडा, लिव्हरचे हुड, खालचा बाक. हुडवर पंजे समोरासमोर येतात. 200 किलोमीटरची ब्रेवे, म्हणजे लांब पल्ल्याची मुदतबंद फेरी, साडेतेरा तासांत संपवायची असते. तेवढा वेळ कोणतीही एकच पकड सुखाची राहत नाही. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये अमेरिका आरपार करणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने बारा दिवसांच्या मुदतीत पुरी केली. तेवढ्या अंतरात नसेला उसंत मिळते ती पकड बदलत राहिल्यानेच. सरळ हँडलवाल्यांनी दोन्ही टोकांना शिंगासारखे बार-एंड लावले तरी निदान दुसरी एक पकड मिळते, आणि ती स्वस्तात.

रुंदी ठरवायला पंडरीसारखी जागा नाही. शिंप्याकडे शर्टाचा शोल्डर मोजून घ्यायचा. ड्रॉप हँडलची रुंदी साधारण तेवढीच हवी: शोल्डर साडेसोळा इंच असेल तर 42 सेंटीमीटर. सरळ हँडल त्याहून रुंद असतं. पण कोपर बाहेर फाकत असतील तर ते कापून घ्यावं.

ग्रिपची पाळी येते ती यानंतर, आणि त्याआधीही मिस्त्री सीट बघतात. सीटचं नाक खाली झुकलेलं असेल तर अंग पुढे घसरतं आणि ते थोपवायचं काम दिवसभर तळहात करत राहतात. स्पिरिट लेव्हल ठेवून सीट सपाट केली की अर्धी तक्रार तिथेच मिटते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. टायरमध्ये हवा दगडासारखी भरलेली असेल तर थोडी कमी करतात. ब्रेक लिव्हर फिरवून हाताच्या रेषेत आणतात. माझे हात लहान, म्हणून लिव्हरवरचा बारीक स्क्रू आवळून तो मुठीजवळ घेतात; बोट ताणून ब्रेक धरावा लागला की अख्खा पंजा ताठ राहतो.

मग ब्लेडने जुनी ग्रिप उभी चिरून काढायची, दांडा फडक्याने लख्ख पुसायचा. नवी ग्रिप माझ्या पसंतीची: मध्यम जाडीची, टणक रबराची, मागच्या बाजूला तळहात टेकायला पंखासारखा रुंद भाग असलेली, आणि आतल्या टोकाला बोल्टने आवळणारी. रायपूरच्या मे महिन्यात, पारा 45 अंशांकडे सरकतो तेव्हा, साध्या ग्रिप घामाने फिरतात आणि हलकं रबर चिकट होतं. बोल्टची ग्रिप जागची हलत नाही. पंखाचा कोन मात्र जपून लावायला हवा. तो खाली झुकलेला राहिला तर मनगट मागे मुडपतं आणि करंगळीचं दुखणं अंगठ्याकडे जातं. मिस्त्री बोल्ट अर्धवट आवळून मला गल्लीत चक्कर मारायला लावतात, कोन सुधारतात, पुन्हा पाठवतात. मनगट सरळ दिसलं की मगच ॲलन की शेवटची फिरते.

मुंग्या सायकलवरून उतरल्यावर थोड्या वेळात जायला हव्यात. दुसऱ्या दिवशीही बोट बधिर राहिलं, किल्ली फिरवताना चिमटीत जोर लागेना, किंवा दोन बोटांमध्ये धरलेला कागद कुणी सहज ओढून नेला, तर तिथे हँडल बदलून भागत नाही. सायकल काही आठवडे बाजूला ठेवून डॉक्टरांना हात दाखवावा.