दिवाडी बेटावरून प्रशांत महासागराकडे

वऱ्हाडचा कापूस आगगाडीने मुंबई बंदरात जाई आणि तेथून जहाजाने परदेशी रवाना होई. अमरावती-अकोल्याच्या व्यापारी घराण्यांचा सागराशी संबंध बहुधा एवढाच. आता सुटीत गोव्यास जाणारी कुटुंबे जुन्या गोव्यातील चर्च पाहून परततात. तेथूनच फेरीबोटीने मांडवी ओलांडली की काही मिनिटांत दिवाडी बेट लागते.

हे बेट पायी पाहण्याजोगे आहे. सखल भागात भातशेती, टेकडीवर पिएदाद गाव. कदंब राजांचे आराध्यदैवत सप्तकोटेश्वर पूर्वी येथेच होते. पोर्तुगीजांनी ते देवालय उद्ध्वस्त केल्यावर देवाची स्थापना नदीपलीकडे नार्वे येथे झाली. त्या मंदिराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करविला.

याच बेटावर रत्नाकर दांडेकर यांचा नौकाबांधणीचा कारखाना आहे. भारतीय माणसाने भारतात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. फलटणजवळील विंचुर्णी हे त्यांचे निवृत्तीनंतरचे गाव. प्रदक्षिणेसाठी नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे पुढे आले आणि नौका बांधण्याचे काम दांडेकरांनी स्वीकारले.

आराखडा डच होता. त्याचे नाव ‘टोंगा ५६’: टोंगा हे प्रशांत महासागरातील बेटांचे राज्य आणि ५६ ही नौकेची फुटांतील लांबी. अशा नौकेचा पूर्वानुभव कारखान्यास नव्हता. व्यापारात चुकीच्या मालाची भरपाई करता येते. भर समुद्रात निखळलेल्या सांध्याची भरपाई कोण करणार? येथे एका माणसाचे प्राण कारागिरांच्या हातांवर विसंबून होते. लाकडी पट्ट्यांवर फायबरग्लासचे थर देऊन घडविलेली ही नौका १२ फेब्रुवारी २००९ रोजी नौदलाच्या स्वाधीन झाली. मांडवीच्याच दुसऱ्या नावावरून तिचे नाव ठेवले ‘म्हादई’.

१९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून निघाले. मार्गात मुक्काम चारच: फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनले आणि केप टाउन. न्यूझीलंडमधील लिटलटन सोडल्यावर ताहिती-टोंगाची उबदार बेटे उत्तरेस दूर राहतात. दक्षिणेकडील थंड, वादळी प्रशांत महासागर ओलांडून केप हॉर्नला वळसा घालावा लागतो. कित्येक आठवडे बंदर नाही, दुरुस्तीस कोणी नाही. दिवाडीच्या कारागिरीची खरी कसोटी तेथे लागली. मे २०१० मध्ये दोंदे मुंबईस सुखरूप परतले. एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय होत.

मालाची पारख दुसऱ्या मागणीवरून होते, हे व्यापाऱ्यास सांगावे लागत नाही. नौदलाने त्याच आराखड्याची ‘तारिणी’ याच कारखान्यातून बांधून घेतली. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. गोव्यास जाणाऱ्या मुलांना चर्चबरोबर पलीकडचे हे बेटही अवश्य दाखवावे.