विश्लेषण : कोकणच्या सड्यावरचे चिमुकले रोप कुमुदाचे भाऊबंद कसे ठरले? ‘आदिम’ फुलझाडे कशी ओळखतात?

सोनचाफा, सीताफळ, मिरी, दालचिनी, चक्रीफूल ही रोजच्या ओळखीची नावे. फुलझाडांच्या वंशवृक्षात मात्र ती जुन्या शाखांवर दिसतात. कोकणातील कातळसड्यांवर पावसाळ्यात उगवणारे, गवतासारखे दिसणारे एक रोप तर त्याहूनही जुन्या शाखेतले निघाले. जगात फुलझाडांच्या सुमारे तीन लाख प्रजाती आहेत. त्यांतील ‘आदिम’ कोण, हे ठरवण्याची पद्धत गेल्या तीन दशकांत पूर्ण बदलली.

‘आदिम’ म्हणजे नेमके काय?

हा शब्द फसवा आहे. आज जिवंत असलेली कोणतीही वनस्पती कोणाचीही पूर्वज नाही. एखाद्या घराण्याच्या थोरल्या आणि धाकट्या पाती असतात. थोरल्या पातीतला आजचा वारस म्हणजे काही मूळ पुरुष नव्हे. तोही धाकट्या पातीतल्या वारसाइतकाच आजचा असतो. फक्त त्याची पाती आधी वेगळी झालेली असते. वनस्पतींचेही तसेच. म्हणून शास्त्रज्ञ आता ‘आदिम वनस्पती’ असे म्हणण्याऐवजी ‘लवकर विलग झालेली शाखा’ असे म्हणणे पसंत करतात. एखादे लक्षण जुने असू शकते, पण ते बाळगणारे झाड सर्वच बाबतींत जुने असेल असे नाही.

डीएनएच्या आधी वर्गीकरण कसे होत असे?

अठराव्या शतकात लिनियसने पुंकेसरांच्या संख्येवरून वनस्पतींचे वर्ग पाडले. ओळख पटवण्यासाठी ते सोयीचे होते, पण त्यातून नाते कळत नसे. पुढे बेंथम आणि हूकर यांनी १८६२ ते १८८३ या काळात अनेक लक्षणे एकत्र पाहून मोठी मांडणी केली. भारतातील अनेक वनस्पतिसंग्रहांची रचना या मांडणीनुसार झाली.

उत्क्रांतीचा विचार रुजल्यावर प्रश्न आला : पहिले फूल कसे होते? जीवाश्मांत फुलझाडे अचानक अवतरल्यासारखी दिसत. या कोड्याने डार्विनही हैराण होता. १८७९ मध्ये त्याने याच हूकरला लिहिलेल्या पत्रात तसे नमूद केले आहे. उत्तरादाखल दोन तट पडले. जर्मनीच्या एंगलरच्या मांडणीत साधी, पाकळ्या नसलेली फुले आधीची मानली गेली. त्यामुळे समुद्रकिनाऱ्यावर लावतात त्या सुरूला द्विदल वनस्पतींच्या यादीत सुरुवातीचे स्थान मिळाले. अमेरिकेच्या बेसीने १९१५ मध्ये याच्या उलट बाजू मांडली. साधेपणा मुळातलाच असेल असे नाही, अवयव गळून गेल्यामुळेही फूल साधे होते, असे त्याचे म्हणणे होते.

मग सोनचाफ्याला मान का मिळाला?

सोनचाफ्याचे फूल उलगडून पाहा. पाकळ्या आणि त्याखालची हिरवी दले असा भेद त्यात नाही. पुंकेसर भरपूर असतात आणि मधल्या दांड्यावर सुटी किंजदले मळसूत्रासारखी रचलेली असतात. (बीजांड पोटात घेणाऱ्या स्त्री-अवयवाच्या घटकाला किंजदल म्हणतात.) त्याच्याच गणातल्या सीताफळाचा प्रत्येक ‘डोळा’ म्हणजे एक वेगळे किंजदल. अवयव जास्त, सुटे आणि मळसूत्री मांडणीत असणे हे जुने लक्षण मानले गेले. त्यामुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत तख्ताजान आणि क्रॉन्क्विस्ट यांच्या मांडणीत चाफ्याचा गट सर्वात खाली, म्हणजे मुळाजवळ होता.

डीएनएने काय बदलले?

पोथीच्या नकला करताना चुका होतात. एकच चूक दोन प्रतींत सापडली, तर त्या एकाच आधीच्या प्रतीवरून उतरल्या असाव्यात असे अभ्यासक मानतात. डीएनएची नक्कल होतानाही असेच पाठभेद पडतात. वेगवेगळ्या वनस्पतींतील एकच जनुक शेजारी ठेवून हे पाठभेद ताडले की नात्याचा वृक्ष तयार होतो.

मात्र एकाच जनुकावर विसंबणे धोक्याचे असते. १९९३ मध्ये हरितलवकातील एका जनुकाच्या आधारे सुमारे ५०० वनस्पतींचा मोठा अभ्यास झाला. त्यात सेराटोफायलम ही मुळे नसलेली पाणवनस्पती सर्वात आधी फुटलेली शाखा दिसली. पुढे अनेक जनुके तपासल्यावर तो मान गेला. १९९९ मध्ये वेगवेगळ्या गटांनी केलेले अभ्यास एकाच नावापाशी आले : अ‍ॅम्बोरेला.

आज जुन्या शाखा कोणत्या मानतात?

अ‍ॅम्बोरेला हे पॅसिफिक महासागरातील न्यू कॅलेडोनियातच आढळणारे झुडूप आहे. संपूर्ण गणात त्याची ही एकच प्रजाती उरली आहे. बहुतेक फुलझाडांच्या खोडात पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या असतात, त्या त्यात नाहीत. त्याच्या किंजदलाच्या कडाही पेशींनी सांधलेल्या नसून स्रावाने बंद होतात. त्यानंतरची शाखा कुमुदाच्या गणाची आणि तिच्यानंतरची चक्रीफुलाच्या गणाची. या तिन्ही शाखांत मिळून जेमतेम दोनशेच्या आसपास प्रजाती आहेत.

सोनचाफा, सीताफळ, जायफळ, दालचिनी, मिरी आणि विड्याचे पान यांचा सुमारे दहा हजार प्रजातींचा गट त्यानंतरच्या फाट्यावर येतो. म्हणजे मसाल्याच्या डब्यात सर्वात जुन्या शाखेचा मान चक्रीफुलाचा. त्याच डब्यातले दगडफूल मात्र फूलच नव्हे, ते दगडफुलाच्या नावाने विकले जाणारे शैवाक आहे.

‘अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप’ म्हणजेच ‘एपीजी’ या शास्त्रज्ञगटाने १९९८ मध्ये ही नवी मांडणी प्रसिद्ध केली. २०१६ च्या चौथ्या आवृत्तीत ६४ गण आणि ४१६ कुळे आहेत. शाळेत शिकलेली एकदल-द्विदल ही विभागणी यात टिकली नाही. एकदल हा गट राहिला, पण ‘द्विदल’ म्हणून जे एकत्र बांधले होते ते अनेक शाखांत विखुरले.

कमळ आणि कुमुद एका कुळातले नाहीत?

नाहीत. दोन्ही पाण्यात वाढतात, दोन्हींची फुले मोठी आणि भरगच्च, म्हणून पूर्वी ती एकत्र ठेवली जात. डीएनएनुसार कुमुद फार जुन्या शाखेत आहे, तर कमळ चिनार वृक्षाच्या गणात. खूण परागकणातही दिसते. कमळाच्या परागकणाला तीन खाचा असतात आणि ते बहुसंख्य द्विदलांच्या गटाचे लक्षण आहे. सारख्या परिस्थितीत वाढल्याने रूप सारखे झाले, नाते नव्हे.

कोकणचा संबंध काय?

एस. आर. यादव आणि एम. के. जनार्थनम यांनी १९९४ मध्ये कोकणातून ट्रिथुरिया कोंकणेन्सिस ही नवी प्रजाती नोंदवली. दोऱ्यासारखी पाने, पाकळ्या नसलेली सूक्ष्म फुले आणि उंची अवघी काही सेंटिमीटर. तोवर हे कुळ भारतात माहीतच नव्हते. ट्रिथुरियाच्या साधारण डझनभर प्रजातींपैकी बाकीच्या ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये आहेत. त्या वेळी हे कुळ गवताच्या जवळचे, एकदल मानले जाई. २००७ मध्ये डीएनए तपासणीतून ते कुमुदाचे जवळचे नातलग असल्याचे स्पष्ट झाले. रोप तेच राहिले, पत्ता मात्र वंशवृक्षाच्या बुंध्याजवळचा झाला.

वाद संपला का?

पूर्णपणे नाही. २०१३ मध्ये अ‍ॅम्बोरेलाचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. तरीही अ‍ॅम्बोरेला एकटीच आधी फुटली की कुमुदाच्या शाखेसोबत, यावर काही विश्लेषणांचे उत्तर वेगळे येते. चाफ्याचा गट, एकदल आणि उरलेले द्विदल यांच्यातला क्रमही वादाचा आहे. या शाखा थोड्या काळात एकापाठोपाठ फुटल्या आणि त्यांच्यातले पाठभेद पुढच्या कोट्यवधी वर्षांत पुसट झाले.

या साऱ्याचे महत्त्व काय?

फूल, फळ, बी कशी घडली हे शोधताना तुलनेसाठी लवकर विलग झालेल्या शाखा लागतात. त्यांत प्रजाती थोड्या असल्याने एक गेली तरी पुरावा जातो. कोकणातील सडे कागदोपत्री अनेकदा पडीक किंवा पोटखराबा ठरतात. त्यावर चिरेखाणी निघतात, माती भरून बागा लावल्या जातात. पावसाळ्याचे काही महिनेच दिसणारे रोप उन्हाळ्यात केलेल्या पाहणीत आढळणारच नाही. त्यामुळे सड्यावर काय आहे हे ठरवायचे असेल, तर पाहणी पावसाळ्यातही व्हायला हवी.