बागेला ताण द्यायचा, पण डिंक्या बघायचा

"चांगला शेअर घ्यायचा आन् वीस वर्षं विसरून जायचं, एवढंच ना?" अकोला-अमरावतीत कुठेही बोलायला गेलो की हा प्रश्न येतोच. आमचं उत्तर असं: धरून ठेवा, पण विसरू नका. हा फरक आज नीट समजून घेऊ.

वऱ्हाडात थांबण्याचे दोन प्रकार आपण लहानपणापासून पाहतो. एक म्हणजे भाव चढेल म्हणून कापूस घरात भरून ठेवणं. दुसरा म्हणजे वरूड-मोर्शीकडे संत्र्याची बाग लावणं. घरातला कापूस वाढत नाही, उलट वजनात घटतो, पिवळा पडतो. तिथं सगळी भिस्त पुढच्या भावावर. बागेत पाच-सहा वर्षं नुसता खर्च, पण झाड वाढत असतं आणि मग बहर देतं. शेअर म्हणजे बागेतला वाटा. कंपनी नफ्यातला काही भाग पुन्हा धंद्यात घालते, त्यावर पुन्हा नफा होतो. थांबणाऱ्याची खरी कमाई इथून येते.

आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. भुसावळ, जळगाव ओलांडून सुरतेच्या लाइनवर अमळनेर लागतं. तिथं १९४५ मध्ये वनस्पती तूप बनवणारी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' सुरू झाली. तीच आजची विप्रो. अमळनेरच्या कित्येक घरांनी हे शेअर पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. हिशेब करून बघा. १९९७ च्या बोनसआधी १०० शेअर असतील तर त्या बोनसने ३०० झाले. १९९९ मध्ये दर्शनी किंमत १० ची २ झाली, म्हणजे १,५०० झाले. पुढे २००४, २००५, २०१०, २०१७, २०१९ आणि २०२४ चे बोनस धरले तर ८०,००० होतात. आता बोनसने संपत्ती वाढत नाही, तुकडे वाढतात. संपत्ती वाढली ती धंदा तुपा-साबणावरून संगणकावर गेला म्हणून.

टाळ्या वाजवण्याआधी दुसरी बाजू ऐका. हाच शेअर फेब्रुवारी २००० मध्ये शिखरावर घेणाऱ्याचं काय झालं? दीड-दोन वर्षांत भाव चार-पंचमांशाहून जास्त पडला. बोनस धरूनही दहा वर्षांनंतर तो भाव परत आलेला नव्हता. कंपनी तीच, संयमही तोच, पण घेतलेला भाव चुकला.

आणि अकोल्याची सावतराम मिल, अचलपूरची विदर्भ मिल आठवा. एके काळी गिरणीचा भोंगा म्हणजे गावाची शान होती. १९७४ च्या कायद्याने देशातल्या १०३ आजारी गिरण्या सरकारकडे गेल्या, त्यात या दोन्ही होत्या. जुनी, नावाजलेली, आपल्या गावची म्हणून कंपनी कायम टिकते असं नाही.

मग स्वभाव कसा हवा? बागवानासारखा. आंबिया बहरासाठी तो बागेचं पाणी तोडतो, ताण देतो. पानं मलूल होतात, म्हणून कोणी झाडं उपटत नाही. पण खोडातून डिंक पाझरताना दिसला तर तो गप्पही बसत नाही. २००८ मध्ये सेन्सेक्स २१,००० वरून ८,००० च्या खाली आला. तेव्हा ज्यांनी घाबरून चांगल्या कंपन्या विकल्या, त्यांनी ताणालाच रोग समजलं. उलट कर्ज फुगतंय, नफा कागदावर आहे पण रोकड येत नाही, प्रवर्तक आपले शेअर गहाण टाकतायत, हा डिंक्या. तिथं "आपण लाँग टर्मवाले" म्हणून डोळे मिटणं हा संयम नव्हे, आळस आहे.

आम्ही तीन पथ्यं पाळतो. पेरणीचा, फीचा, दवाखान्याचा पैसा बाजारात घालायचा नाही, कारण गरजेला विकावं लागलं की सगळा संयम फुकट. घेताना कारण वहीत लिहायचं, आणि विकायची वेळ आली की भाव न बघता ते कारण अजून खरं आहे का ते बघायचं. भाव रोज नाही, निकाल मात्र दर तिमाहीला वाचायचे.

आणि घरी गेल्यावर आजोबांची पेटी उघडा. सलग सात वर्षं लाभांश घेतला नाही तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जमा होतात. अर्ज करून परत मिळतात, पण खेटे पडतात. विसरण्याची एवढी किंमत तरी देऊ नका.

पुढच्या वेळी ताळेबंद कसा वाचायचा ते पाहू.