पडद्यावरचा हरवलेला रंग : दोष कसा शोधावा?

नाणे टाकून खेळावयाच्या व्हिडिओ खेळांचे एक युग होऊन गेले. १९८० साली जपानच्या नामको कंपनीने काढलेला ‘पॅक-मॅन’ हा त्यांपैकी अतिशय गाजलेला खेळ. त्या काळची यंत्रे हौशी संग्राहक आजही जपून चालू ठेवतात. त्यांना वारंवार भेटणारी एक अडचण अशी की, चित्र स्वच्छ दिसते, खेळही नीट चालतो, पण एक रंग मात्र अजिबात दिसत नाही. मग ‘पिक्चर ट्यूब गेली’ असा निकाल घाईने दिला जातो. अशा काचेच्या नळ्यांचे मोठे उत्पादन आता बंद पडले आहे. त्यामुळे चांगली नळी चुकून टाकून दिली, तर तिच्या जागी दुसरी मिळणे कठीण. खरा दोष कित्येकदा एखाद्या सुटलेल्या जोडात असतो. तो शोधण्याची रीत विज्ञानाच्या विद्यार्थ्याने समजून घेण्याजोगी आहे.

तीन रंगांची बेरीज

१८६१ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये तांबड्या, हिरव्या व निळ्या प्रकाशातील तीन चित्रे एकमेकांवर पाडून रंगीत चित्र दाखविले. रंगीत मॉनिटर याच तत्त्वावर चालतो. नळीच्या मानेत तीन इलेक्ट्रॉन-गन असतात आणि प्रत्येक गन पडद्यावरील एकाच रंगाचे ठिपके उजळते. तांबडा व हिरवा मिळून पिवळा, हिरवा व निळा मिळून आकाशी, आणि तांबडा व निळा मिळून किरमिजी. तिन्ही मिळाले की पांढरा.

यावरून कोणता रंग गेला हे पडद्याकडे पाहूनच सांगता येते. पांढरी अक्षरे आकाशी दिसली तर तांबडा गेला, किरमिजी दिसली तर हिरवा गेला आणि पिवळी दिसली तर निळा गेला. पॅक-मॅनचेच उदाहरण घेऊ. तांबडा गेला की पिवळा पॅक-मॅन हिरवा होतो आणि ब्लिंकी या तांबड्या भुताचे नुसते डोळे फिरताना दिसतात. निळा गेला तर पॅक-मॅन जसाच्या तसा राहतो. पण चक्रव्यूहाच्या भिंती जवळजवळ दिसेनाशा होतात आणि पिंकी व क्लाइड ही दोन भुते एकाच रंगाची होतात.

मात्र पडद्याच्या एखाद्याच कोपऱ्यात रंगाचे डाग पडले असतील, तर तो हरवलेला रंग नव्हे. ते बहुधा नळीतील धातूच्या जाळीवर बसलेल्या चुंबकत्वाचे काम असते.

दोष कोणत्या अर्ध्या भागात?

खेळाच्या फलकावरून तिन्ही रंगांचे संदेश वेगवेगळ्या तारांनी मॉनिटरकडे येतात. हीच आपली सोय. समजा तांबडा दिसत नाही. वीज बंद करून मॉनिटरच्या तोंडाशी तांबड्या व हिरव्या संदेशाच्या तारांची अदलाबदल करावी आणि यंत्र पुन्हा चालू करावे. पडद्यावर अजूनही तांबडाच नसेल, तर दोष मॉनिटरमध्ये आहे. पण आता तांबडा दिसू लागला आणि हिरवा नाहीसा झाला, तर मॉनिटर निर्दोष आहे. दोष फलकात किंवा मधल्या तारेत. एकही सुटा भाग न बदलता निम्मे यंत्र संशयातून मुक्त झाले.

फलकाकडे संशय गेला तर आणखी एक खूण उपयोगी पडते. पॅक-मॅनच्या फलकावर तांबड्या व हिरव्या रंगासाठी प्रत्येकी तीन आणि निळ्यासाठी दोन बिट असतात. ते १०००, ४७० व २२० ओहमच्या रोधकांतून (निळ्याचे ४७० व २२० ओहमच्या) एकत्र येऊन रंगाची तीव्रता ठरवितात. यांपैकी एक रोधक तुटला तर छटा बदलेल, रंग समूळ जाणार नाही. तेव्हा रंग पूर्ण गेला असेल, तर रोधक एकत्र येतात त्याच्या पुढचा मार्ग, म्हणजे जोडपट्टी, खिळी आणि तार, आधी तपासावा.

नळीच्या मानेवरील पट्टी

दोष मॉनिटरमध्ये ठरला, तर नळीच्या मानेवर बसविलेल्या छोट्या फलकाकडे वळावे. तेथे तीन रंगांची तीन सारखी मंडले असतात. दोन चालू आणि एक बंद, म्हणजे तुलनेला नमुना शेजारीच हजर. प्रथम रंग कमीजास्त करण्याचे छोटे स्क्रू कोणी फिरविले आहेत का ते पाहावे; हात लावण्यापूर्वी त्यांची मूळ जागा पेन्सिलीने खूण करून ठेवावी. मग सोल्डरचे जोड भिंगाखाली न्याहाळावेत. वर्षानुवर्षे तापून-निवून ट्रान्झिस्टरच्या पायांभोवती बारीक गोल तडा जातो. तो जोड पुन्हा सोल्डर केला की कित्येकदा काम भागते.

तडा नसेल तर तिन्ही कॅथोडांवरील विद्युत् दाब मोजून ताडून पाहावा. येथे विद्यार्थी हमखास गोंधळतो. ट्रान्झिस्टर वाहू लागला की कॅथोडचा दाब उतरतो आणि गनमधून इलेक्ट्रॉन सुटतात. ट्रान्झिस्टर आतून तुटला असेल, तर दाब वर, शंभराहून अधिक व्होल्टवर, अडकून राहतो आणि गन बंद पडते. म्हणजे दाब जास्त, पण रंग नाही! उलट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर तोच रंग साऱ्या पडद्यावर भडकतो.

तिन्ही दाब सारखेच असतील आणि सॉकेटही स्वच्छ असेल, तरच नळीवर संशय घ्यावा. अंधारात मानेत तीन तापतारांची नारिंगी झळाळी दिसते का ते पाहावे. एक विझलेली असेल, तर तो निकाल मात्र शेवटचा.

जीव सांभाळून

१९ इंची रंगीत नळीच्या काचेवर सुमारे २०,००० व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही तो काही काळ टिकून राहतो. पुष्कळ मॉनिटरांना आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतो. तो वगळून थेट वीज जोडू नये. मानेची काच नाजूक असते, तिला धक्का लागता कामा नये. चालू यंत्रातील मोजमाप जाणकाराच्या देखरेखीखालीच, एक हात पाठीमागे ठेवून करावे.

या शोधात उपकरणांपेक्षा क्रम महत्त्वाचा. आधी लक्षण पाहावे, मग यंत्राचे दोन भाग करून निर्दोष भाग बाजूला काढावा, आणि बिघडलेल्याची तुलना शेजारच्या चांगल्याशी करावी. प्रयोगशाळेतील बंद पडलेला ॲम्प्लिफायर दुरुस्त करतानाही हाच क्रम उपयोगी पडेल.