इंजिनबदल आणि अवकाशाचा प्रश्न

मोटारीचे मूळ इंजिन काढून त्या जागी दुसऱ्या जातीचे, बहुधा अधिक शक्तीचे, इंजिन बसविणे यास इंजिनबदल म्हणतात. या कामाची चर्चा सामान्यतः इंजिनाची शक्ती, गिअरबॉक्सशी त्याची जुळणी आणि वाढलेले वजन या तीन गोष्टींभोवती फिरते. प्रत्यक्षात इंजिन जागेवर बसल्यानंतर एक निराळीच अडचण उभी राहते. जळालेला वायू बाहेर नेणारी नळी, म्हणजे एक्झॉस्ट, आणि चाकांना आधार देणारे सस्पेन्शन या दोहोंना एकाच अरुंद जागेत सामावून घ्यावे लागते.

या अडचणीचा विचार करताना पहिली गफलत शब्दाची होते. ‘क्लिअरन्स’ या संज्ञेसाठी मराठीत ‘अंतर’ हा प्रतिशब्द सहज सुचतो. परंतु अंतर हे दोन स्थिर वस्तूंमधील असते व ते पट्टीने मोजता येते. येथे अभिप्रेत असलेली गोष्ट वेगळी आहे. दोन हलत्या वस्तूंनी आपापल्या सर्व संभाव्य स्थिती धारण केल्या असता त्यांच्यामध्ये जी किमान मोकळीक उरते, तिला ‘अवकाश’ म्हणणे अधिक युक्त ठरेल. हा भेद केवळ परिभाषेचा नव्हे. तो दृष्टीआड झाला तर तापलेली नळी ब्रेकच्या पाइपाला टेकते, किंवा स्टिअरिंगचा दांडा ऐन वळणावर अडतो. आणि त्याची किंमत आत बसलेल्या माणसांना मोजावी लागते.

एक उदाहरण

या प्रश्नाचे बोलके उदाहरण म्हणजे ब्रिटनमधील रूट्स उद्योगसमूहाची ‘सनबीम टायगर’ ही मोटार होय. ‘सनबीम अल्पाइन’ या चार सिलिंडरांच्या छोट्या मोटारीत फोर्डचे २६० घन इंचांचे, म्हणजे सुमारे ४.२ लिटरचे, आठ सिलिंडरांचे व्ही-आकाराचे इंजिन बसवून ती सिद्ध झाली. तिचे प्राथमिक नमुने १९६३ मध्ये कॅलिफोर्नियात तयार झाले आणि १९६४ ते १९६७ या काळात तिचे उत्पादन झाले. कोणते इंजिन मावेल हे ठरविण्यासाठी आरंभी लाकडी पट्टी घेऊन निरनिराळ्या इंजिनांची मापे घेण्यात आली, असे सांगतात. पट्टीने दिलेले उत्तर खोटे नव्हते, अपुरे होते. फोर्डचे इंजिन मावले. तथापि त्यासाठी अल्पाइनची मूळ स्टिअरिंग यंत्रणा काढून तिच्या जागी रॅक-पिनियन पद्धतीची यंत्रणा बसवावी लागली, आणि इंजिन व बैठकीची जागा यांमधील पत्र्याच्या भिंतीचा आकारही बदलावा लागला. एक स्पार्क प्लग तर त्या भिंतीतील रबरी बूच काढून आतल्या बाजूनेच हाताळावा लागे. पुढे रूट्स समूह क्रायस्लर कंपनीकडे गेला. क्रायस्लरचे स्वतःचे इंजिन या मोटारीत बसेना. त्याचा डिस्ट्रिब्यूटर मागील बाजूस होता, फोर्डचा पुढील बाजूस. ही मोटार बंद पडण्यामागे हे एक प्रमुख कारण ठरले.

इंजिनाची आणि नळीची हालचाल

इंजिन रबरी माउंटिंगवर बसविलेले असल्यामुळे ते स्थिर नसते. उभ्या मांडणीच्या इंजिनात मागील दांड्यास दिलेल्या पिळाची प्रतिक्रिया म्हणून इंजिन व गिअरबॉक्स आपल्या लांबीच्या अक्षाभोवती कलतात. पहिल्या गिअरमध्ये हा कल सर्वाधिक असतो आणि रिव्हर्स गिअरमध्ये त्याची दिशा उलटते. इंजिन केवळ दोन अंशांनी कलले, तरी अक्षापासून ३०० मिलिमीटर दूर असलेला मॅनिफोल्डचा भाग सुमारे १० मिलिमीटर सरकतो. माउंटिंगचे रबर जुने झाले की हा आकडा वाढतो. म्हणून झिजलेली माउंटिंग तशीच ठेवून घेतलेली मापे निरुपयोगी होत.

दुसरी हालचाल उष्णतेची. साधे पोलाद दर अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या दशलक्षांश भागाच्या सुमारे १२ पट प्रसरण पावते. दोन मीटर लांबीच्या नळीचे तापमान ४०० अंशांनी वाढले, तर ती जवळजवळ १० मिलिमीटर लांबते. एक्झॉस्टसाठी अचुंबकीय स्टेनलेस पोलाद वापरलेले असेल, तर वाढ १३ ते १४ मिलिमीटर होते. नळीचे पुढील टोक इंजिनाला जखडलेले असल्यामुळे ही वाढ मुख्यत्वे मागील दिशेने होते. नळी एखाद्या आडव्या पट्टीतील भोकातून न्यावयाची असेल, तर नळीच्या वळणाला त्या बाजूस अधिक मोकळीक ठेवावी लागते ती याच कारणाने. मॅनिफोल्डनंतर लवचीक जोड घालणे आणि पुढील नळी रबरी कड्यांवर टांगणे हे उपाय या दोन्ही हालचालींना वाट करून देतात.

नळी चेपावी काय?

व्ही-आकाराच्या इंजिनास दोन्ही बाजूंनी एक्झॉस्ट असतो. त्यांपैकी एक बाजू स्टिअरिंगच्या दांड्याची असते. तेथे नळी चेपून जागा करण्याचा मोह स्वाभाविक आहे. तो सर्वथा गैर नाही, परंतु त्याचे गणित ध्यानात घ्यावे. ५० मिलिमीटर व्यासाच्या नळीचा परिघ कायम राखून, तिच्या कडा गोलाकार ठेवून, ती ३५ मिलिमीटर उंचीची केली, तर १५ मिलिमीटर जागा मिळते आणि छेदाचे क्षेत्रफळ केवळ ९ टक्क्यांनी घटते. तीच नळी २५ मिलिमीटरपर्यंत चेपली, तर घट २५ टक्क्यांवर जाते. चेपणे हळूहळू सुरू होऊन हळूहळू संपले पाहिजे. हातोड्याने पाडलेला खोल पोचा क्षेत्रफळ तर घटवितोच, शिवाय वायूच्या प्रवाहात भोवरे निर्माण करतो. याहूनही जागा अपुरी पडल्यास मागील बाजूस उतरणारे आटोपशीर ओतीव मॅनिफोल्ड वापरणे श्रेयस्कर. नळी व ब्रेकचा पाइप यांमध्ये पत्र्याचा आडोसा घालताना तो नळीला चिकटवू नये. पत्रा व नळी यांमधील हवेचा थर हेच त्याचे खरे काम होय.

सस्पेन्शन

सस्पेन्शनच्या बाबतीत सर्वांत प्रचलित समजूत अशी की, ताठर वा उंच स्प्रिंग घातली म्हणजे जागा वाढते. ही समजूत भ्रामक आहे. जड इंजिनामुळे मोटारीचा पुढचा भाग खाली बसतो हे खरे. पुढील चाकांवर ६० किलोग्रॅम भार वाढला आणि प्रत्येक चाकापाशी मोजलेली स्प्रिंगची ताठरता मिलिमीटरला २० न्यूटन असेल, तर मोटार सुमारे १५ मिलिमीटर खाली येते. उंच स्प्रिंगने ती पूर्वीच्या उंचीवर येते. परंतु त्यामुळे फक्त विश्रामस्थिती बदलते. खड्ड्यात चाक जास्तीत जास्त किती वर येईल हे स्प्रिंग ठरवीत नाही. ते सस्पेन्शनच्या आर्मला अडविणारा रबरी ठोकळा, म्हणजे बंपस्टॉप, ठरवितो. आर्म नळीला घासत असेल, तर उंच स्प्रिंगने तो कमी वेळा घासेल एवढेच. जाड बंपस्टॉप घातल्यास अवकाश वाढतो, परंतु चाकाची चाल तेवढीच कमी होते. आर्मचे बिंदू हलविणे हा उपाय अखेरचा समजावा. कारण त्यायोगे चाकांचे कोन आणि स्टिअरिंगचे वर्तन दोन्ही बदलतात.

अवकाशाची परीक्षा

यावरून परीक्षेची रीत आपोआप निष्पन्न होते. मोटार भक्कम ठोकळ्यांवर उभी करून, स्प्रिंग योग्य साधनांनी सुरक्षितपणे काढून घ्यावी आणि आर्मखाली जॅक लावावा. चाक सर्वांत खालच्या स्थितीपासून बंपस्टॉप पुरता दबेपर्यंत २५-२५ मिलिमीटरने उचलावे, व प्रत्येक टप्प्यावर स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. संशयित जागी मऊ मातीचा गोळा चिकटविला असता त्याची उरलेली जाडी किमान मोकळीक दाखविते. या मोकळिकीतून इंजिनाचा कल आणि नळीचे प्रसरण यांचे आकडे, त्यांच्या दिशा पाहून, वजा केल्यावर जे शिल्लक राहते तोच खरा अवकाश. ते शून्य वा ऋण आले, तर उभ्या मोटारीत कितीही मोठी फट दिसली तरी तिला अर्थ नाही.

भारतात या प्रश्नाला कायद्याचेही अंग आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याने नमूद केलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरणाऱ्या फेरफारांवर बंधन घालते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्यास दुजोरा दिला. म्हणून येथे इंजिनबदल करू इच्छिणाऱ्याने प्रथम नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी पाहावी, आणि त्यानंतर मापे घ्यावीत.