शेगडी, स्वयंपाकघरातील : निवड व मांडणी

अन्न शिजविण्यासाठी ओट्यावर ठेवलेले किंवा ओट्यात बसविलेले उष्णता-साधन. भारतात एलपीजी या द्रवरूप इंधन वायूचा घरगुती पुरवठा १९५५ मध्ये मुंबईत सुरू झाला. पुढे शहरी घरांत उभ्याचा ओटा व गॅसची शेगडी रूढ झाली. तथापि चाळी व लहान सदनिका यांतील स्वयंपाकघरे पुष्कळदा अरुंद, मध्येच खांब आलेली किंवा दोन दारांची असतात. अशा ठिकाणी प्रथम जागा ठरवून तदनुसार शेगडी निवडणे इष्ट असते.

जागेची निवड : शेगडी दारालगत किंवा ओट्याच्या टोकाला नसावी. ये-जा करणाऱ्याचा धक्का कढईच्या दांड्याला लागून उकळते तेल अंगावर सांडण्याचा धोका असतो. शेगडी खिडकीसमोर असल्यास वाऱ्याने ज्योत विझते, परंतु वायू बाहेर पडतच राहतो. कोपऱ्यात भिंत तापते व मोठी भांडी नीट बसत नाहीत. म्हणून दोन्ही बाजूंस सु. ३० सेंमी. जागा मोकळी ठेवतात. तेथे गरम भांडे लगेच उतरविता येते. काटकोनी ओट्यात शेगडी एका भुजेवर व सिंक दुसरीवर असणे सोयीचे असते.

वायूपुरवठा : एलपीजीतील प्रोपेन हवेच्या सु. दीडपट व ब्युटेन सु. दुप्पट जड असल्याने गळलेला वायू जमिनीलगत साचतो. यामुळे १४.२ किग्रॅ.चा सिलिंडर जमिनीच्या पातळीवर उभा आणि शेगडी त्याहून उंच ठेवतात. सिलिंडर कपाटात असल्यास तळाशी झरोके आवश्यक असतात. रबरी नळी सु. १.५ मी.पेक्षा लांब नसावी, तसेच ती शेगडीमागून नेऊ नये. अडचणीच्या घरात बहुधा हीच मर्यादा शेगडीची जागा ठरविते. नळाने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्याने त्यासाठी छताजवळ वायुवीजन लागते.

शेगडीची निवड : अरुंद ओट्यावर चारऐवजी दोन बर्नरांची शेगडी अधिक सुरक्षित ठरते, कारण मागील भांड्यासाठी पेटत्या ज्योतीवरून हात न्यावा लागत नाही. ओट्यात बसविण्याच्या शेगडीसाठी दगड कापावा लागतो व नंतर जागा बदलणे अवघड होते. विजेवरील प्रवर्तन शेगडीस ज्योत व सिलिंडर लागत नाहीत. मात्र तिला लोहचुंबक चिकटेल अशा सपाट तळाची भांडी लागतात आणि भाकरी ज्योतीवर फुगविण्याची सोय तिच्यात नसते.